गोल्फचा क्लब नेमका किती घट्ट धरायचा

सरळ उत्तर हवं असेल तर, १ म्हणजे क्लब (बॉल मारायची काठी) आता हातातून निसटणार आणि १० म्हणजे याहून जास्त आवळताच येत नाही असं धरलं, तर नेहमीच्या फुल स्विंगला ४ किंवा ५. पण हा आकडा ऐकून कुणाचा खेळ सुधारलाय असं फारसं दिसत नाही, कारण प्रत्येकाचा ४ वेगळा असतो. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) कुणालाही विचारा, ‘मी तर हलकंच धरतो’ म्हणेल, आणि हाताकडे बघाल तर बोटांचे सांधे पांढरे पडलेले आणि कोपराखालच्या शिरा टरारलेल्या. त्याला ते खरंच हलकं वाटत असतं, खोटं बोलत नसतो बिचारा. त्यामुळे आधी स्वतःचा ४ कुठे आहे ते शोधायचं, बाकीचं सगळं नंतर. (खाली सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या हिशोबाने लिहिलंय, डावखुऱ्यांनी डावा-उजवा उलटा करून वाचा.)

शोधायचा कसा तर, एखादं मधलं आयर्न (धातूच्या पातळ डोक्याचा क्लब) घ्या, ७ नंबर वगैरे, नेहमीसारखं धरा आणि मग अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून आवळा, अगदी हात थरथरेपर्यंत. हा तुमचा १०. आता हळूहळू सोडत जा, इतकं की ग्रिप (क्लबची धरायची मूठ) बोटांतून घसरायला लागेल, तो १. दोन्ही टोकं अशी हाताला कळली की मधलं कुठे येतं ते आपोआप समजतं. अजून एक, क्लब छातीसमोर सरळ उभा धरा, क्लबहेड (बॉलला लागणारं टोक) आकाशाकडे. असा धरला की तो जवळजवळ वजनच नसल्यासारखा वाटतो आणि बोटं आपणहून सैल पडतात. तिथून तो हळूहळू पुढे आडवा करत न्या, जमिनीला समांतर होईपर्यंत, आणि फक्त बोटांकडे लक्ष ठेवा. क्लबहेड जसजसं लांब जातं तसतसं ते जड होतं आणि बोटं आपल्याला न विचारता आवळत जातात. आता तोच क्लब बॉलमागे खाली आणा आणि बघा, आडव्यातला जोर हातात तसाच राहिलाय की गेला. बहुतेकांचा राहतो, आणि तो तसाच घेऊन लोक स्विंग करतात.

बॉलमागे उभं राहिल्यावर योग्य पकडीची माझ्या मते एकच खरी खूण आहे, ती म्हणजे क्लबहेडचं वजन हाताला जाणवलं पाहिजे. मनगटाने थोडं पुढेमागे हलवलं, म्हणजे ज्याला वॅगल म्हणतात ते केलं, की खाली टोकाला काहीतरी जड लटकलंय हे कळायला हवं. कळत नसेल तर तुम्ही घट्ट धरलंय, आकडा कितीही सांगा.

सॅम स्नीडच्या नावावर एक सल्ला सांगितला जातो, हातात जिवंत पक्ष्याचं पिल्लू आहे असं समजून क्लब धरा, उडूनही जाऊ नये आणि दुखापतही होऊ नये. पीजीए टूरवर ८२ स्पर्धा जिंकलेला माणूस, त्यामुळे सल्ला जगभर पसरला. चांगलाच आहे, पण लोक त्यातला अर्धाच भाग घेतात. ‘दुखापत होऊ नये’ लक्षात राहतं आणि ‘उडून जाऊ नये’ विसरतात, मग बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे वर नेण्याच्या, टोकाला बोटं उघडी पडलेली आणि क्लब तळव्यात लडबडतोय. घट्टवाला आगीतून निघून फुफाट्यात पडतो तो असा.

आता घट्ट धरलं की बिघडतं काय. बोटं मिटणारे स्नायू बोटांत नसतातच जवळजवळ, ते कोपराखालच्या हातात असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटावरून पुढे बोटांत जातात. त्यामुळे बोटं जोरात आवळली की मनगटही दोन्ही बाजूंनी ताणलं जाऊन कडक होतं, वेगळं काही करावं लागत नाही. पटत नसेल तर आत्ता मूठ जमेल तेवढी घट्ट वळा आणि त्या मुठीने मनगट झपकन वरखाली करून बघा, मग मूठ अर्धवट सैल करून तेच परत करा. फरक लगेच कळेल. गोल्फच्या स्विंगमध्ये वेगाचा मोठा हिस्सा येतो मनगट मागे मोडण्यातून आणि खाली येताना ते वेळेवर उघडण्यातून, आणि ते कडक झालं की जोर तुम्ही दुप्पट लावता आणि क्लबहेड मात्र संथच येतं. याला वैताग म्हणतात.

शिवाय इम्पॅक्टपर्यंत, म्हणजे क्लब बॉलला लागेपर्यंत, कोपराखालचा हात फिरून क्लबफेस (बॉलला लागणारी सपाट बाजू) सरळ व्हायचा असतो, तो आवळलेल्या हाताने फिरत नाही, फेस उघडा राहतो आणि बॉल उजवीकडे वळत वळत झाडीत जातो. ज्यांच्या पाचवीला स्लाइस, म्हणजे हा उजवीकडे वळणारा फटका, पुजलाय त्यांनी उभं राहणं, खांदे, बॉलची जागा हे सगळं तपासण्याआधी एकदा हात सैल करून चार बॉल मारून बघावेत. दरवेळी तेच कारण असेल असं नाही, स्विंगची दिशा बाहेरून आत (बॉलच्या पलीकडून स्वतःकडे) असेल किंवा डावा हात ग्रिपवर फार डावीकडे फिरलेला असेल तर नुसतं सैल धरून काही होणार नाही, पण हे तपासायला काही लागत नाही.

मग एकदम सैल का नको, तर थोडा हिशोब करू. ड्रायव्हरचं (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचं) डोकं साधारण २०० ग्रॅमचं असतं, ते ताशी १६० किलोमीटरने दीडेक मीटरच्या वर्तुळात फिरतंय असं धरलं तर इम्पॅक्टच्या आसपास ते तुमच्या हातांना बाहेरच्या बाजूला २५ किलोपेक्षा जास्त जोराने ओढत असतं. २५ किलोची गोणी बोटांवर लटकवली तर ती ‘हलक्या’ पकडीत राहील का? नाही राहणार. तरी चांगल्या खेळाडूंच्या हातातून क्लब उडत नाही, कारण ओढ वाढत गेली की बोटं आपोआप तेवढी घट्ट होत जातात, हे शरीर स्वतःहून करतं. म्हणजे ४-५ हा सुरुवातीचा आकडा आहे, इम्पॅक्टचा नाही. खाली येईपर्यंत तो चांगलाच वाढलेला असतो आणि वाढू द्यायचा असतो. तुम्ही फक्त तो मुद्दाम वाढवायचा नाही. डाउनस्विंग (क्लब वरून खाली येणं) साधारण पाव सेकंदात संपतो आणि बॉल फेसला चिकटून असतो सुमारे अर्धा मिलिसेकंद, एवढ्या वेळात ‘आता घट्ट, आता सैल’ असं ठरवून करणं कुणालाच शक्य नाही, आणि जे ठरवून करायला जातात ते नेमके बॉलच्या आधी गचकन आवळतात.

म्हणूनच किती घट्ट यापेक्षा कुठे घट्ट आणि जोर मध्येच बदलतो का, हे दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत असं माझं ठाम मत आहे. ५ ने सुरू करून मध्येच ९ वर जाणाऱ्यापेक्षा कायम ६ ने खेळणारा बरा खेळतो.

आधी कुठे ते बघू. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं, मधलं, अनामिका आणि करंगळी, ही खरी पकड. बेन होगन या जुन्या नामवंत खेळाडूनेही याच तीन बोटांवर भर दिला होता आणि उजव्या हातात मधल्या दोन बोटांवर. ग्रिप डाव्या हातात कशी बसते ते नीट बघा: ती करंगळीच्या मुळापासून तिरकी तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत जायला हवी, म्हणजे बोटांत, तळव्याच्या मधोमध नाही. तळव्याचा जो करंगळीखालचा मांसल भाग आहे तो ग्रिपच्या वर येऊन बसतो. असं बसलं की नुसत्या तीन बोटांनी आणि त्या मांसल भागाने क्लब उचलून धरता येतो, अंगठा आणि तर्जनी सोडली तरी पडत नाही. करून बघा. जमलं तर जागा बरोबर आहे. ग्रिप तळव्यात आडवी गेली असेल तर क्लब लगेच लडबडेल, आणि तो लडबडू नये म्हणून मग माणूस आवळतो, म्हणजे बऱ्याच वेळा घट्ट धरणं हा आजार नसतोच, चुकीच्या जागी धरल्याचा परिणाम असतो. अशा माणसाला ‘सैल धर, सैल धर’ सांगून काय उपयोग, त्याला आधी हात बोटांत आणायला सांगा.

उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ही सगळ्यात भांडखोर जोडी. लिहायला, चमचा धरायला, किल्ली फिरवायला आपण आयुष्यभर यांनाच वापरतो त्यामुळे बॉल समोर दिसला की ही दोघं पुढे होतात. ती चिमटीत आवळली की उजवा हात कोपरापर्यंत कडक होतो आणि वरून खांदाही पुढे येऊन स्विंग बाहेरून आत कापत जातो. ती फक्त टेकलेली असावीत. उजव्या तळव्याचा खोलगट भाग डाव्या अंगठ्यावर येऊन बसतो, तिथे मात्र संपर्क सुटू द्यायचा नाही. तिथे गवताची एक काडी ठेवा आणि स्विंग करा, शेवटपर्यंत पडली नाही तर दोन्ही हात एकत्र काम करतायत.

बोटं एकमेकांत कशी अडकवायची, म्हणजे हॅरी व्हार्डनच्या नावाची ओव्हरलॅप, का जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स वापरतात ती इंटरलॉक, का दहाही बोटं ग्रिपवर, याचा आवळण्याशी फारसा संबंध नाही. हाताला जे बसेल ते घ्या. छोटे हात असतील तर इंटरलॉक सोपी पडते एवढंच. फक्त इंटरलॉकमध्ये बोटं फार खोल अडकवली की ग्रिप तळव्यात सरकते, ते बघा.

आता जोर मध्येच कधी बदलतो. पहिली जागा म्हणजे क्लब मागे न्यायला सुरुवात करताना. माणूस बॉलवर बराच वेळ पुतळ्यासारखा उभा राहतो, क्लबहेड जमिनीवर टेकलेलं असतं त्यामुळे हाताला वजन नसतं, मग निघताना ते उचलावं लागतं आणि त्या झटक्यात हात आवळले जातात. उपाय दोन, एक म्हणजे पूर्ण थांबायचंच नाही, वॅगल चालू ठेवायचं. दुसरा म्हणजे क्लब जमिनीला न टेकवता किंचित वर तरंगता धरायचा, जॅक निकलॉस असंच करायचा. तरंगता धरला की वजन आधीपासूनच हातात असतं त्यामुळे निघताना धक्का बसत नाही. मला हा दुसरा उपाय जास्त आवडतो कारण यात लक्षात ठेवायला काही नाही.

वॅगलचा अतिरेक पण होतो बरं का. सर्जिओ गार्सिया २००२ च्या सुमाराला बॉलवर उभा राहून क्लब परत परत आवळायचा-सोडायचा, इतक्या वेळा की त्या वर्षीच्या यूएस ओपनला बेथपेजच्या मैदानावर प्रेक्षक मोठ्याने मोजायला लागले होते. नंतर त्याने ती सवय सोडली, आणि २०१७ मध्ये मास्टर्स जिंकला. म्हणजे एकदा-दोनदा हात सैल करून परत बसवणं ठीक, पण ‘अजून नीट नाही बसलं’ असं दहाव्यांदा वाटत असेल तर बॉलपासून मागे या आणि पहिल्यापासून सुरू करा.

दुसरी जागा बॅकस्विंगचं टोक. इथे उलटं होतं, डाव्या हाताची शेवटची बोटं थोडी उघडतात आणि खाली येताना परत झडप घालतात. हे स्वतःला कळत नाही, मोबाइल मागे उभा करून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा आणि टोकाला डावी करंगळी आणि ग्रिप यात फट दिसते का बघा. दिसली तर सुरुवातीलाच थोडं घट्ट धरायला हवंय, ५ चा ६ करा, किंवा बॅकस्विंग थोडा छोटा करा. कधी बॉलमागची जमीन, कधी बॉलचा माथा असे उलटसुलट फटके लागत असतील तर त्यातले बरेचसे या फटीमुळे असतात.

तिसरी जागा वरून खाली यायला सुरुवात होते तो क्षण, आणि इथे सगळ्यांचंच बोंबलतं, कारण इथेच मारायची घाई होते. पाण्यावरून मारायचं असलं की तर विचारूच नका. इथे हाताला थेट सूचना देऊन काही होत नाही, आधीची तयारी लागते: उभं राहिल्यावर एक श्वास पूर्ण बाहेर सोडा, दात एकमेकांवर दाबलेले असतील तर जबडा सैल करा (गंमत वाटेल, पण जबडा आवळून हात सैल ठेवणं फार अवघड आहे), आणि श्वास सोडता सोडताच निघा.

बॉल गेल्यावर काय होतं त्याची काळजी करू नका. विजय सिंगचा उजवा तळवा इम्पॅक्टनंतर ग्रिपवरून सुटलेला दिसायचा, त्याने तीन मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकल्या. पण म्हणून मुद्दाम सोडू पण नका.

सगळ्या शॉटला एकच आकडा चालत नाही. लांब गवतात, म्हणजे रफमध्ये, गवत क्लबच्या मानेला गुंडाळतं आणि फेस डावीकडे बंद करतं, तिथे डाव्या हाताची तीन बोटं ६-७ पर्यंत घट्ट. वाळूत रुतलेला बॉल असेल तरी तसंच. पण ग्रीनजवळच्या (भोकाभोवतीच्या बारीक गवताजवळच्या) नेहमीच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, उलट, तिथे लोक भीतीने मुठी आवळतात आणि क्लबची पुढची धार वाळूत रुतून बसते. हलकं धरून फेस उघडा ठेवला की क्लबचा तळ वाळूतून सरकत जातो. ग्रीनजवळ उंच, अलगद टाकायचा बॉल असेल तर ३ सुद्धा चालतं. पटिंगला, म्हणजे ग्रीनवर बॉल भोकाकडे ढकलताना, आकडा महत्त्वाचा नाहीच, कुणी घट्ट धरून छान पट करतं कुणी सैल, फक्त मागे नेताना आणि पुढे येताना जोर सारखा हवा, तो बदलला की अंतराचा अंदाज चुकतो. थंडीत बोटं बधिर होतात आणि जाणवत नाही म्हणून माणूस जास्त आवळतो, तेव्हा शॉटच्या मधल्या वेळात हात खिशात ठेवा.

सामानाकडे पण बघा. ग्रिप जुनी होऊन चकचकीत झाली असेल तर कुणीही आवळणारच, त्याला सल्ला देऊन काय होणार. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश, पुसून सुकवून घ्या, अर्ध्या वेळा तेवढ्याने परत चिकट होते. नाही झाली तर बदला, नियमित खेळणाऱ्याने वर्षातून एकदा बदलावी असं साधारण सांगतात. जाडीही तपासा, डाव्या हाताने धरल्यावर मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं तळव्याला जेमतेम टेकायला हवीत, तळव्यात रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, आणि मोठी फट राहत असेल तर जाड. घाम फार येत असेल तर रोझिन (राळ) किंवा पावडर लावायला नियमात परवानगी आहे, साधा ग्लोव्हही चालतो. मात्र पकडीचा जोर ठरवायला गैरवाजवी मदत करणारं उपकरण राउंडमध्ये चालत नाही, त्यामुळे जास्त आवळलं की आवाज करणारी जी खेळणी मिळतात ती रेंजवरच ठेवा.

रेंजवर मी सांगेन तो एकच सराव, वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) घ्या आणि अर्ध्या स्विंगने पहिला बॉल ८ ने मारा, दुसरा २ ने, तिसरा ५ ने, आणि परत तसंच. ८ आणि २ चे फटके कुठे जातात याला महत्त्व नाही, ते मुद्दाम वाईट आहेत. पण तिसरा बॉल मारताना हाताला ५ कसा लागतो ते असं पाठोपाठ केल्यावरच कळतं. मग उजवा अंगठा आणि तर्जनी ग्रिपवरून पूर्ण उचलून काही छोटे फटके मारा, सुरुवातीला क्लब आपला नाहीच असं वाटेल. हळूहळू उरलेली बोटं काम करायला लागतात, मग ती दोन परत नुसती टेकवा. हे सगळं जमल्याशिवाय ड्रायव्हर काढू नका, ड्रायव्हर हातात आला की सगळे परत मुठी आवळतात.

प्रगती होतेय का ते ग्लोव्ह सांगतो. राउंड झाला की काढून उजेडात धरा. तळव्याच्या खालच्या मांसल भागावर, मनगटाजवळ झिजून भोक पडत असेल तर ग्रिप तळव्यात जातेय आणि स्विंगमध्ये सरकतेय, म्हणजे वर जे बोटांत धरायचं सांगितलं ते परत करा. अंगठ्यावर झिजत असेल तर अंगठा खाली लांब ताणून दाबताय, तो थोडा वर ओढून घ्या. सगळीकडे सारखा थोडाथोडा मळत असेल तर ठीक चाललंय. आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं असेल, ज्याला गोल्फर्स एल्बो म्हणतात, तर सततचं आवळणं हे त्याचं एक कारण असू शकतं, पण तेव्हा पकड सैल करून वर बॉल मारत बसू नका, खेळणं थांबवा आणि डॉक्टरला दाखवा.